दारावर रंगवलेला पासवर्ड

हात पुसलेत का? समोसा खाल्ला नसेल तरी पुसा. मी की-बोर्ड आहे आणि बोटांच्या बाबतीत माझा कोणावरही विश्वास उरलेला नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पाठीवर लिहिलेलं होतं. पण दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या दुकानदाराने ती पट्टी नखाने खरवडली आणि तिथे जरा भारदस्त देशाची चिकटवली. म्हणजे खोटी ओळख काय असते, हे मला बाजारात पाऊल ठेवायच्या आधीच कळलं होतं.

खंडेरावांनी मला ढिगातून उचललं आणि कानाशी धरून हलवलं.

"भैया, ये तो अंदर से ढीला है."

"साहब, की-बोर्ड है, खरबूजा नहीं!"

पण खंडेराव ऐकणाऱ्यातले नव्हते. चाळीसगावहून एकोणिसाव्या वर्षी दिल्लीत आलेला माणूस. आधी स्टीलची भांडी विकली, मग एसटीडी बूथ टाकला, मग पेजर. पेजर बिचारे एका वर्षात वारले. देश खुला झाला होता, रोज नवं काहीतरी यायचं, आणि जे येईल ते विकायचं हा खंडेरावांचा धर्म. आता इंटरनेट आलं होतं. कॉम्प्युटर ते कुठल्या वर्गात शिकले नाहीत. एक मोडला, तो जोडताना शिकले.

आर. के. पुरमच्या मार्केटात त्यांनी सायबर कॅफे काढला. प्लायवूडचे आठ कप्पे, तिसऱ्यात मी.

तुम्हाला वाटेल, की-बोर्डाला काय कळतं? अहो, सगळं मलाच कळतं. पडद्यावर पासवर्डाचे ठिपके दिसतात. अक्षरं माझ्या डोक्यावर पडतात. माणसं आधी चोरासारखी इकडेतिकडे बघतात आणि मग पासवर्ड मोठ्याने म्हणत टाईप करतात. एकाने तर बायकोला रस्त्यावरून हाक मारून विचारला होता. तिनेही खणखणीत सांगितला.

आणि पासवर्ड तरी कसले! आर. के. पुरम म्हणजे सरकारी क्वार्टर्स. इथे माणसाची ओळख आडनावाने होत नाही, "आठशे सदतीसवाले" अशी होते. मग पासवर्ड काय ठेवणार? आधी 'आरकेपुरम', पुढे क्वार्टरचा नंबर. तोच नंबर दारावर पांढऱ्या रंगात. दोन-चार वर्षांनी सरकारी रंगारी येऊन तो पुन्हा ताजा करून जायचा. जगात दुसरीकडे कुठे सरकार नागरिकांचे पासवर्ड स्वखर्चाने रंगवून देतं? माझ्या आर, के आणि पी या कळा दोन वर्षांत पुसट झाल्या. पण मी कधी कोणाचं नाव घेतलं नाही. आमच्या धंद्यात तोंड बंद ठेवणं हेच चारित्र्य.

त्या तोंड बंद ठेवण्याचाच पुढे मला जाच झाला.

आठशे सदतीसमध्ये राजाराम राहायचे. मूळचे वर्ध्याचे, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, निवृत्तीला वर्ष उरलेलं. दिल्लीतल्याच द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट घेऊन ठेवला होता, पण तिथे अजून नळाला पाणी यायचं होतं. बायको रमाबाई, मुलगी भावना. भावनाने एम.एस्सी. करून बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत भूजलावर काम करण्यासाठी अर्ज केला होता. एका सोमवारी माझ्यासमोर बसून तिने मेल उघडला आणि माझ्यावर दोन्ही हात असे आपटले की माझी स्पेस बार वाकडी झाली. निवड झाली होती! अट एकच: होकार अर्जात नोंदलेल्या मेलवरूनच पाठवायचा, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला.

"लगेच हो लिहून टाकते, बाबा."

"लगेच? मसुदा कुठंय?" राजाराम म्हणाले. "उत्तर असं जात नसतं. आधी मसुदा, मग दुरुस्त्या, मग स्वच्छ प्रत."

मसुदा त्यांनी घरी नेला. तीन ओळींच्या होकारावर दीड दिवस लाल शाई चालली.

मंगळवारी दुपारी माझ्यासमोर जयेश येऊन बसला. हा नोएडातल्या एका इन्स्टिट्यूटचा एजंट. 'इंटरनेट सिक्युरिटी डिप्लोमा'ची गुलाबी पत्रकं वाटत फिरायचा, अत्तर लावायचा आणि सगळ्यांना अंकलजी म्हणायचा. आदल्या दिवशी तो शेजारच्या कप्प्यातच होता. राजाराम भावनाच्या मेलचं नाव अक्षर अक्षर करून सांगत होते ते त्याने ऐकलेलं. त्याने ते नाव टाकलं, मग 'आरकेपुरम', मग आठ-तीन-सात. दार उघडलं. त्याने पासवर्ड बदलला, मिशीतल्या मिशीत हसला आणि गेला.

संध्याकाळी बापलेक स्वच्छ प्रत घेऊन आले. मेल उघडेना. चार वेळा टाकलं, पाच वेळा टाकलं. भावनाची बोटं थंड पडत चालली होती. मला नवा पासवर्ड ठाऊक होता हो! काही तासांपूर्वी माझ्याच डोक्यावर टाईप झालेला. पण की-बोर्डाला दाबून घेता येतं, स्वतःला दाबता येत नाही.

बुधवारी कॅफेतूनच संस्थेत फोन लावला. तिथल्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, नियम तो नियम. राजारामांना नियमाविरुद्ध बोलायची सवयच नव्हती. ते "बरोबर आहे" म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसूनच राहिले.

तेवढ्यात अत्तराचा वास आला.

"अंकलजी, टेन्शन मत लो. बेटी का मेल लॉक हुआ है ना? हमारे सर खोल देंगे. बस, पहले डिप्लोमा में अॅडमिशन."

"तीन महीने का कोर्स है ना?" खंडेरावांनी विचारलं.

"इमर्जन्सी बॅच भी है, अंकलजी."

"अच्छा. बिल्कुल. शाम को बताते हैं."

जयेश गेला. खंडेराव भावनाकडे वळले. "बेटा, मेल बंद पडल्याचं तू याला सांगितलंस?"

"नाही, काका."

"साहेब, तुम्ही?"

"मी कशाला सांगेन?"

"मी पण नाही सांगितलं. मग गिऱ्हाईक आजारी आहे हे वैद्याला घरबसल्या कळलं कसं?"

राजाराम तडक उठले. "पोलिसात जाऊ."

"जरूर जाऊ. पण शुक्रवारच्या आत तिथे तुमचा अर्जसुद्धा टेबलावरून हलणार नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं का, साहेब?" खंडेरावांनी टेबलावरचं गुलाबी पत्रक उचललं, उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. "हा माणूस लोकांचं अज्ञान विकतोय. याच्याशी भांडून काय मिळणार? बाजारात याचा माल पडेल कशाने? तोच माल आपण फुकट वाटला तर."

त्यांनी पत्रकांचा अख्खा गठ्ठा घेतला आणि एकेकाच्या कोऱ्या पाठीवर मार्करने लिहीत सुटले. 'गुरुवार, दुपारी चार. कॅफे बंद, शाळा चालू. इंटरनेटवर आपलं घर कसं राखायचं. फुकट. माऊस धरता येत नसेल तरी या. सगळं येत असेल तर नक्की या.'

गुरुवारी बावीस माणसं आली. खंडेरावांनी त्यांची तीन गटांत वाटणी केली. ज्यांना काहीच येत नाही ते 'किरकोळ', पुढे. ज्यांना थोडंफार येतं ते 'घाऊक', मध्ये. आणि स्वतःला सगळं येतं असं वाटणारी, स्पर्धा परीक्षेला आलेली मराठी पोरं 'गोदाम', मागे.

"नियम एकच," ते म्हणाले. "आज शिकलं ते उद्या दुसऱ्याला शिकवायचं. फी तीच."

मग फळ्यावर त्यांनी काहीही न बोलता आकडे लिहिले: ८३७, ४१२, ११०६, २५९... लिहीत गेले तशा माना पुढे येत गेल्या. घाऊकमधली एक बाई पदर तोंडाला लावून पुटपुटली, "अगं बाई, माझा!"

"कोणाकोणाचं कुलूप उघडलं मी?" खंडेराव म्हणाले. सतरा जण आपापल्या चपलांकडे बघू लागले.

मागून हरिदास हसला. हा लातूरचा, तिसऱ्यांदा परीक्षा देत होता. "काका, हम इतने भी भोळे नाहीत, यार. माझा नंबर नाहीये त्यात."

"तुझा 'आयएएस' आणि पुढे यंदाचं साल."

हरिदासचा चेहरा पडला.

"दर वर्षी फक्त आकडा बदलतोस. देव करो आणि एकदाचा तुझा पासवर्ड जुना होवो."

खोली हसली, हरिदासही हसला, आणि त्या हसण्यात लोकांची भीती निघून गेली. मग खंडेराव रंगात आले. "लॉटरी लागली म्हणून मेल येतो ना? मला सांगा, तिकीट कुठल्या दुकानातून घेतलं होतंत? बँकेच्या नावाने कोणी 'आत्ताच्या आत्ता नंबर द्या' म्हणतं? चाळीस वर्षांचा माझा अनुभव सांगतो, जो गिऱ्हाइकाला घाई करतो त्याच्या मालात खोट असते." असं बरंच. तासाभरात ज्यांना माऊस उलटा धरायची सवय होती त्यांनीही पासवर्ड बदलले. माझ्यावर त्या दिवशी जितकी नवीन अक्षरं पडली तितकी दोन वर्षांत पडली नव्हती.

पुढच्या रांगेत रमाबाई बसल्या होत्या. मुलीसाठी आलेल्या. सगळं शांत झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"भाऊ, अडाणी प्रश्न आहे."

"वहिनी, इथे तोच चालतो."

"कुलपाची किल्ली हरवली तर आपण दुसरी किल्ली काढतो. या मेलवाल्यांनी दुसरी किल्ली ठेवलीच नाही का?"

खंडेरावांनी कपाळावर हात मारला. "घ्या! पासवर्ड विसरणाऱ्यासाठी गुप्त प्रश्न असतो की! आम्ही दोन दिवस तेच दार ठोठावत बसलो."

भावना माझ्याकडे धावली. जयेशने पासवर्ड बदलला होता, गुप्त प्रश्न तसाच राहिला होता. डिप्लोमा विकणाऱ्याने डिप्लोमाचा दुसरा धडा वाचलेला नव्हता. पडद्यावर प्रश्न आला: आवडता पदार्थ कोणता?

"मला काय माहीत? खातं उघडताना फॉर्म बाबांनी भरला होता."

"मी असलं काही लिहिलेलंच नाही," राजाराम म्हणाले. "आवडता पदार्थ! हा काय प्रश्न आहे?"

भावनाने 'पिठलं' टाकून पाहिलं. चूक. 'सांबारवडी' टाकली. चूक. पडद्यावर आलं की आता एकच संधी, नाहीतर खातं तीन दिवस बंद. भावनाने माझ्यावरून हात उचलले.

"थांब," रमाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, हिच्या शाळेच्या फॉर्मवर 'मुलीचे छंद' असा रकाना होता. काय लिहिलंत?"

"आता ते कशाला..."

"काय लिहिलंत?"

"नॉट अॅप्लिकेबल," राजाराम हळूच म्हणाले.

"दवाखान्याच्या कागदावर 'कुठे दुखतं' समोर?"

"रमा, लोक आहेत."

"रकाना रिकामा सोडायचा नाही म्हणून ह्यांनी आयुष्यभर तेच लिहिलंय. टाक गं तू."

भावनाने एकेक अक्षर दाबलं. नॉट. मोकळी जागा. अॅप्लिकेबल. बावीस माणसं श्वास रोखून उभी होती, आणि खरं सांगतो, माझ्यात श्वास असता तर मीही रोखला असता. एंटर.

दार उघडलं.

होकार गुरुवारी संध्याकाळी सहाला गेला. राजाराम शेवटच्या क्षणी म्हणाले, "'आपला कृपाभिलाषी' राहिलं वाटतं..." आणि बावीसच्या बावीस जण एकदम ओरडले, "साहेब!"

शुक्रवारी जयेश आला. खंडेरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "जयेशभाई, संडे को क्लास है. आप भी आओ. दूसरा पाठ पढ़ाएँगे." त्याने चहा अर्धा सोडला. नंतर आमच्या मार्केटात तो दिसला नाही. त्याची पत्रकं मात्र वर्षभर आमच्या टिपणांना पुरली.

भावना बंगळुरूला निघाली त्याआधीच्या रविवारी रमाबाई पुन्हा आल्या. लेकीला पत्रं लिहायला त्यांना स्वतःचं खातं हवं होतं. फॉर्म त्यांनी एका बोटाने स्वतः भरला, एकही रकाना 'लागू नाही' न करता. मग पासवर्डाची जागा आली. त्यांनी मान वर केली.

"सगळ्यांनी तोंडं फिरवा."

सगळ्यांनी फिरवली. राजाराम सवयीने पुढे वाकले होते.

"अहो, तुम्ही पण."

"मी? अगं, घरातल्या घरात..."

"तुम्ही पण."

अडतीस वर्षं घरातल्या प्रत्येक कागदावर सही करणारा तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रमाबाईंचं बोट माझ्यावरून सावकाश फिरलं. एक कळ, थोडा विचार, दुसरी कळ. बारा अक्षरं. ओठ जराही हलले नाहीत. शेवटी त्या स्वतःशीच हसल्या. तसं हसताना मी माझ्यासमोर कोणाला पाहिलं नव्हतं.

आता मी द्वारकेत आहे. मोबाईल आले आणि कॅफे मिटला. क्वार्टर्स सुटल्या तसे सगळे इकडे राहायला आले, खंडेरावही आले. सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारची शाळा चालू आहे, अजून फुकट. मध्ये कोणीतरी सुचवलं होतं, नाममात्र फी ठेवा, लोकांना किंमत कळते. खंडेराव म्हणाले, "साहेब, मी जन्मभर विकत आलोय. काय विकायचं नाही ते मला विचारा." माझी निम्मी अक्षरं उडाली आहेत, सुटलेली कळ रबरबँडने बांधली आहे, म्हणून मला किरकोळ वर्गाला दिलंय. जिथे चुका होतात तिथे मी बरा.

रविवारी अकराला या. काही येत नसेल तर पुढे बसा, लाजू नका. सगळं येत असेल तर मागे बसा आणि उतरू नका तोऱ्यातून, खंडेराव उतरवतील. आणि माझ्याकडून गुपितं काढायला मात्र कोणी येऊ नका. आत बसलेली आहेत, पण रमाबाईंची बारा अक्षरं राजारामांनाही अजून ठाऊक नाहीत. तुम्ही तर परके.