लोखंडातून आधी कोण निघतं

प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर वहिनीने उरलेली एक स्वतःच वाचायला घेतली आणि सातव्या प्रश्नावर थबकली. लोखंडाच्या अणूचा आयन होताना जे दोन इलेक्ट्रॉन आधी निघून जातात, त्यांचे क्वांटम नंबर लिहा.

क्वांटम नंबर म्हणजे इलेक्ट्रॉनचा पत्ता: मजला कुठला, खोली कुठल्या आकाराची, वगैरे. काल भाजी चिरता चिरता तिने हेच नणंदेला शिकवलं होतं. चौथ्या मजल्यावरची फोर-एस आधी भरते, मग तिसऱ्यावरची थ्री-डी. म्हणजे शेवटी आलेला थ्री-डीवाला आधी निघणार. पुस्तकात वेगळं दिसतंय, असं नणंद म्हणाली. त्यावर, छापणारे चुकतात, मी सांगते तेच लिही, असं वहिनीने ठणकावलं. ती स्वतः शाळेत शिकवायची गणित, रसायन सोडून जमाना झालेला, पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता मात्र तिला लख्ख आठवलं. थ्री-डी आतल्या मजल्यावर असते. फोर-एसवाले दाराशी बसलेले. ते आधी आले तरी उठतातही आधी तेच.

नणंद खिडकीजवळच्या बाकावर होती. गेल्या वेळी ती थोडक्यात नापास झाली होती. या वेळी राहिली तर कॉलेज बंद, दुकानात बसायचं, असं सासऱ्यांनी बजावलं होतं, आणि ते बोलले की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. इथे पर्यवेक्षणाला यायची पाळी खरं तर दुसऱ्या मास्तरांची होती. ते आजारी पडले म्हणून ऐनवेळी वहिनीला ढकललेलं. खोकावं का? खुणावावं का? पण मुख्य पर्यवेक्षक दारातच उभे होते. खुणेचा नुसता संशय आला तरी ते मुलाचा पेपर काढून घेत आणि शिक्षकाला घरी बसवत.

भीतीने तिचे पाय आपोआप खिडकीकडे वळले. तिने वाकून पाहिलं. नणंदेने लिहिलं होतं: चार, शून्य, शून्य. म्हणजे फोर-एस. अगदी बरोबर. पोरीने तिचं न ऐकता पुस्तकाचं ऐकलं होतं. वहिनीच्या जिवात जीव आला, आणि त्या भरात ती तिथेच जरा जास्त वेळ उभी राहिली.

नणंदेने मान वर केली. वहिनीचा अजूनही पांढराफटक असलेला चेहरा पाहिला, मग आपलं उत्तर पाहिलं. तिने ओठ चावला, आडवी रेघ मारून सगळं खोडलं आणि खाली लिहिलं: तीन, दोन. म्हणजे थ्री-डी, वहिनीने काल शिकवलेलं.

नको, एवढा एकच शब्द वहिनीला बोलायचा होता.

"मॅडम, पुढे चला," दारातून पर्यवेक्षक म्हणाले.

नणंद तिच्याकडे बघून किंचित हसली, खूण कळली म्हणून आभार मानल्यासारखी. वहिनी पुढच्या बाकाकडे गेली.