नव्या कॉम्प्युटरची खंडेनवमी

पेणच्या बाळ दातारांच्या छापखान्यात पहिल्यापासून एकाच कंपनीचे कॉम्प्युटर. स्वस्तातले जोडणीचे कॉम्प्युटर घेणाऱ्यांना ते उघड नावं ठेवायचे. यंदाही त्यांनी त्याच कंपनीचा सगळ्यात महागडा कॉम्प्युटर आणला आणि जुन्यावर प्लास्टिकचं कव्हर टाकलं.

खंडेनवमीला त्यांची बायको मालती पूजेचं ताट घेऊन उभी होती, तेवढ्यात रोह्याहून निलेश आला. त्याच्या धाटावच्या कंपनीतल्या कामगारांची दिवाळीची पत्रिका छापायची होती. मजकूर फ्लॉपीत होता. बाळरावांनी नवा कॉम्प्युटर पुढून, मागून, बाजूने चाचपला. फ्लॉपी घालायला फटच नव्हती.

"काका, रोह्यात साध्या कॉम्प्युटरला पण हाय ती," निलेश म्हणाला.

बाळरावांनी तणतणत मुंबईच्या विक्रेत्याला फोन लावला.

"फ्लॉपीचा जमाना गेला, साहेब," तो गोड आवाजात म्हणाला. "ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागेल. तुम्ही आमचे जुने गिऱ्हाईक, माल आला की पहिला तुम्हालाच देऊ."

"जमाना गेला तुमच्या मुंबईत! माझं गिऱ्हाईक फ्लॉपी घेऊन दारात उभंय!"

फोन आपटून त्यांनी जुन्या कॉम्प्युटरचं कव्हर ओढून काढलं. फ्लॉपी आत गेली, कुरकुरली आणि पत्रिका पडद्यावर आली.

"अहो, कुंकू नव्याला लावू ना?" मालतीने विचारलं.

"आज अवजारांची पूजा असते, शोभेच्या वस्तूंची नाही," बाळराव म्हणाले आणि हातातलं कव्हर त्यांनी नव्यावर टाकलं.