एका ओळीतलं भाषण

डूख धरायचा तर माणूस जवळचा लागतो. परक्यावर धरलेला डूख चार दिवसांत शिळा होतो. साडूवर धरलेला प्रत्येक कौटुंबिक जेवणात पुन्हा गरम करून मिळतो.

माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका मोठ्या खात्यातून निवृत्त झाले. हुद्दा अजून तोच आहे, फक्त खातं राहिलेलं नाही. त्यामुळे ते आमच्यावर हुकमत गाजवतात.

मी जुने प्रिंटर चालू ठेवतो. घराघरांत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले त्या वेळचे. सुया शाईच्या फितीवर आपटून अक्षरं उमटवणारे, दोन्ही कडांना भोकं असलेला अखंड कागद ओढणारे, आणि चालताना दाताच्या डॉक्टरची आठवण करून देणारे. फीत सुकली की तिच्यात शाई मुरवायची. शाईही तेलकट हवी. शिक्क्याची वापरली तर सुया अशा चिकटतात की पुन्हा बाहेर येत नाहीत. बायकोच्या मते हा छंद नाही, खोलीचा दुरुपयोग आहे.

यातला सर्वांत लाडका प्रिंटर माझा पहिला. कॉलेजात असताना वडिलांनी घेऊन दिलेला. कागद हाताने सरकवायची त्याची मूठ कधीच तुटली होती. तिच्या जागी मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं पांढरं झाकण बसवलं होतं, लहान मुलांना उघडता येऊ नये असं असतं ते. ते इतकं फिट बसलं की मूळ मूठ लाजली असती.

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे राहायला गेलो. परत आलो तर टेबलावर प्रिंटरच्या जागी फुलदाणी. त्याच आठवड्यात साडूंकडे जेवायला गेलो, तिथे विषय निघाला.

"तो खटारा ना? दिला भंगारात," साडू आमटी वाढून घेत म्हणाले. "घरात श्वास घ्यायला जागा झाली. आभार मान."

"कुणाला विचारलंत?"

"चांगल्या कामाला विचारायचं कशाला?"

बायको कोशिंबीर ढवळत होती. ती आधीच ढवळलेली होती.

त्या दिवशी ठरवलं, उट्टं काढायचं. कसं ते ठरेना. साडूंना कशाचीच लाज वाटत नाही, म्हणजे अर्धे मार्ग बंद.

या वर्षी मार्ग स्वतःच फोन करून आला. साडू आता वाचनालयाचे अध्यक्ष आहेत. त्यांनी तिथल्या मागच्या खोलीत जुन्या यंत्रांचं दालन उघडायचं काढलं होतं.

"अरे, तुझा तो छंद आता उपयोगी पडणार," ते म्हणाले. "एक प्रिंटर मिळालाय, पण चालत नाही. उद्घाटनाला माझं स्वागताचं भाषण त्याच्यावर छापून पाहुण्यांच्या हातात द्यायचं आहे. सगळ्यांच्या देखत."

"कुठून मिळाला?"

"एका सद्गृहस्थांकडून."

वाचनालयात गेलो. कपाटं आणि मोडक्या खुर्च्या ओलांडून मागच्या खोलीत पोचलो. टेबलावर जुना कॉम्प्युटर, आणि त्याच्या शेजारी तो. उजव्या अंगाला पांढरं झाकण.

मी ओळख दाखवली नाही. दाखवली असती तर साडूंनी लगेच दालनातल्या फलकावर माझं नाव देणगीदार म्हणून घातलं असतं, आणि प्रिंटर कायमचा तिथेच राहिला असता. मला फलक नको होता. मला प्रिंटर घरी हवा होता, आणि तो साडूंनी स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, घेऊन जा म्हणायला हवं होतं.

"ही मूठ बघ," साडू झाकणावर बोट ठेवून म्हणाले. "मूळ कंपनीची. 'दाबून फिरवा' अशी सूचनासुद्धा दिलीय त्यांनी. हल्ली कोण इतका विचार करतं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

काम मी मनापासून केलं. सूड घ्यायचा म्हणून हलगर्जीपणा केला असता तर यंत्राचा अपमान झाला असता. सुयांचं डोकं काढून पातळ तेलात बुडवलं, एकेक सुई मोकळी केली. फितीत शाई मुरवली. कागद ज्यावरून सरकतो त्या रुळाचं गुळगुळीत झालेलं रबर घासून खरखरीत केलं. मग साडूंच्या देखत भाषण छापून दाखवलं. स्वच्छ, काळं, ओळीखाली ओळ. भाषणात पाहुण्यांचं स्वागत एकदा होतं. बाकी साडूंचं होतं.

"वा," साडू म्हणाले. "म्हणजे तुलाही काहीतरी येतं."

ते चहा सांगायला बाहेर गेले. तोवर मी थोडा डगमगत होतो, ते डगमगणं या वाक्याने थांबलं.

या प्रिंटरच्या पाठीला नखाएवढ्या बटणांची एक ओळ असते. त्यांपैकी एकाचं काम इतकंच, की एक ओळ छापून झाली की कागद वर सरकवायचा. हा जुना कॉम्प्युटर स्वतः ते सांगत नाही, प्रिंटरनेच समजून घ्यायचं असतं. बटण उलटं केलं तर सुयांचं डोकं ओळ छापून मागे येतं आणि त्याच जागी पुढची ओळ छापतं. कागद ढिम्म हलत नाही. आणि बटणाची स्थिती प्रिंटर फक्त चालू होताना बघतो. नंतर नाही.

मी धूळ पुसता पुसता ते बटण उलटं केलं आणि प्रिंटर बंद केला.

उद्घाटन दुपारी होतं. पाहुण्या म्हणून एक निवृत्त प्राचार्या आल्या होत्या. सभासद होते, दोन्ही बहिणी पुढच्या रांगेत होत्या. प्राचार्यांनी बटण दाबून प्रिंटर चालू केला. साडूंनी कॉम्प्युटरची कळ दाबली आणि हात मागे बांधून उभे राहिले.

पहिली ओळ छान उमटली. दुसरी तिच्यावर उमटली. तिसरी त्या दोघींवर. साडूंची नोकरी, त्यांचे सत्कार, त्यांचं द्रष्टेपण, सगळं एकाच जागी जमू लागलं. ओळ काळी झाली, मग जाड, मग कागदाला तिथे लव आली. थोड्या वेळाने कागद फाटला आणि सुया भाषण थेट रुळावर छापू लागल्या.

"फार दाट लिहिता तुम्ही," प्राचार्या म्हणाल्या.

मागून कोणीतरी हसलं. मग हसणाऱ्याला सोबत मिळाली.

मी पुढे होऊन प्रिंटर बंद केला. रूळ खराब व्हायला नको होता.

"याला काय झालं?" साडू दबक्या आवाजात म्हणाले.

"वय झालंय, साडूभाऊ. अशा यंत्राला रोज बघणारं माणूस लागतं."

"मग तू रोज ये."

"मला नाही जमणार."

हशा अजून पुरता थांबला नव्हता. साडूंनी सभासदांकडे पाहिलं, मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी आधीच सांगत होतो, हा खटारा इथे शोभत नाही. घेऊन जा तो. आत्ताच्या आत्ता."

"नक्की?"

"अरे, उचल."

मी उचलला. आधी गाडी दाराशी लावून ठेवलीच होती.

घरी जाताना बायको शेजारी बसली होती. प्रिंटर मागच्या सीटवर होता, त्याला पट्टा लावला होता.

"एक सांगू?" ती म्हणाली. "भाऊजींनी तो नेलाच नव्हता. मीच ताईकडे पोचवला. त्या आवाजाने माझं डोकं उठायचं."

"पण ते तर म्हणाले, भंगारात दिला."

"त्यांना त्याचंही श्रेय हवं होतं. त्यांच्याच माळ्यावर पडून होता, वाचनालयातही त्यांनीच नेला. तुम्ही त्यांच्यावर चिडलात. म्हटलं, बरं झालं."

साडूंची कीव येते का ते बघितलं. आली नाही. त्यांच्या नावावर इतर बऱ्याच गोष्टी जमा होत्या, हा सूड त्यांतल्या एखाद्या गोष्टीसाठी लागू पडला असता.

घरी आल्यावर फुलदाणी उचलून बायकोच्या हातात दिली. प्रिंटर त्याच्या जागी ठेवला, बटण सरळ केलं, कागद लावला, पांढरं झाकण दाबून फिरवलं. बाहेरच्या खोलीत तिची मालिका सुरू झाली होती. मी प्रिंटर चालू केला.

"किती वेळ चालणार आहे हे?" तिने बाहेरून विचारलं.

"जुनं यंत्र आहे. रोज चालवलं नाही तर सुया बसतात."

"रोज? ह्याच वेळेला?"

"ह्याच वेळेला मला सवड असते."

तिने टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीला तसं बटण असतं. प्रिंटरला नसतं, त्याला कधी गरज पडली नाही.