पैलवानाचं नख

"पैलवानकाका, आज झाडाचं रबर आधी मळायचं नाही. तसंच कडक टाका," प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या.

"दोन सवती एका चुलीवर बसवताय होय?"

"या पुडीने नांदतात का बघू या!"

पैलवान हे नाव थट्टेचं. अंगावर मूठभर मांस नव्हतं. पण केस काळे होते तेव्हापासून मळणीचं यंत्र त्याच्याच हाती. झाडाच्या चिकाचं रबर चिवट, कारखान्यात बनवलेलं मऊ. चिवटाला रुळांमध्ये मळून आधी नरम केलं नाही, तर दोन्ही मिसळल्यासारखी दिसत आणि पुढे त्यांची नळी करून वाकवली की पदर सुटत. न मळताच दोन्हींना जोडणारी ही नवी पूड चालली, तर मळणी बंद, यंत्र बंद आणि पैलवान घरी. बायको सकाळीच म्हणाली होती, "घरी बसून काय, माझं डोकं मळणार?" दोघंही हसली होती. मग चहा तसाच गार झाला.

आज त्याला काहीच करायचं नव्हतं. सांगितलं तसं कडक टाकायचं. बिघडलं तर यंत्र वाचलं.

बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या. पैलवानाने रबराची लादी उचलली, रूळ फिरवले आणि भानावर आला तेव्हा लादी कानाच्या पाळीसारखी मऊ झाली होती. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं! तेवढ्यात पावलं वाजली. त्याने घाईने त्यात दुसरं रबर आणि पूड टाकली.

गार झालेली पट्टी बाईंनी वाकवली, ताणली. "काका, सुटत नाही हो! दोन वर्षं झगडतेय मी." त्यांचे डोळे भरून आले.

पैलवान हात पुसत राहिला. पुसून पुसून हात लाल झाले.

"बाई, तो खेळ खोटा झाला. मी मळलं होतं आधी."

"काय? का पण?"

"हात आपसूक गेला."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. मग उठल्या आणि नवी लादी, मऊ रबर आणि पूड स्वतःच पुढे सरकवली. या वेळी हलल्या नाहीत. कडक रबर रुळांत कुरकुरलं, आदळलं. त्या आवाजाने पैलवानाच्या मनात नको ती आशा जागी झाली आणि तिची त्याला लाजही वाटली.

पट्टी गार झाली. बाईंनी ती पाहिलीही नाही. सरळ त्याच्या हातात दिली. पदर सुटतो की नाही, हे कारखान्यात त्याच्या नखाने ठरे. नख म्हणालं, नापास, की माल परत.

पैलवानाने पट्टी दुमडली. घडीवर नख घातलं. एकदा, मग दुसऱ्या बाजूने. उजेडाकडे जाऊन पुन्हा एकदा.

"एकजीव झालंय," तो म्हणाला.

"काका..."

"चांगलं झालंय, बाई."

मग त्याने फडकं घेतलं आणि दोन्ही रूळ रोजच्यासारखे, कडेपासून कडेपर्यंत, पुसायला सुरुवात केली.