जुळवलेली रेघ

नकाशांच्या कचेरीत मी आरेखक होतो. मोजणीदार रानोमाळ हिंडून उंची मोजून आणायचे आणि मी सावलीत बसून सारख्या उंचीच्या जागा जोडणारी तपकिरी रेघ ओढायचो. हात इतका सफाईदार की साहेबांना नाक मुरडायला जागा सापडत नसे.

नदीकाठच्या त्या गावाचा नकाशा दोन कागदांवर होता, दोघा मोजणीदारांनी मोजलेला. कडेला कड लावली तर रेघा जुळेनात, बोटभर फरक. नियमाने कागद परत पाठवून जागा पुन्हा मोजायची. म्हणजे महिनाभर खोळंबा आणि वर बोलणी. मी वेळ मारून नेली. रेघ अलगद वाकवली आणि जुळवून टाकली. त्या वाकणात गावाबाहेरचा सखल माळ कागदावर टेकाड झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

छापून आल्यावर मिरवायची हौस दांडगी. एक प्रत ताईला दिली. दाजींनी नेमक्या त्याच माळावर घर बांधलं, मेव्हण्याने दाखवलेली उंच जागा म्हणून. मी तिथे जेवून आलो, पण तोंडातून शब्द काढला नाही. माझ्यासारखा नालायक मीच.

नवव्या वर्षी नदी फुगली. भरदुपारी मी ताईकडे धावलो. खालच्या वस्तीतली वीसेक माणसं बोचकी घेऊन तिच्या पुढच्या खोलीत बसलेली, तिनेच बोलावलेली. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"ताई, इथं टेकाड नाही. ती रेघ मी मनानेच ओढली होती. सगळ्यांना बाहेर काढ."

तिने आधी दार लोटलं.

"हळू बोल. माणसं ऐकतील. उद्या तुझ्या नोकरीवर येईल, पोरं लहान आहेत तुझी."

"अगं, पण पाणी..."

"उंबऱ्याला लागलं की निघतो आम्ही. तू पावसाला भ्यायलास असं सांगते त्यांना. जा, घरी बायको एकटी आहे."

मी ओरडायला हवं होतं. दारापलीकडे वीस माणसं होती. मी आवाज खाली आणला, "बरं" म्हणालो आणि निघालो. निघताना हायसं वाटलं, हेही लाज सोडून सांगतो.

पाणी उंबऱ्याला लागण्याआधी बाहेर पडायचा मागचा रस्ताच बुडाला. तो घराहून सखल होता. संध्याकाळपर्यंत कौलं दिसेनाशी झाली. चौघं वाचली. ताई नाही, दाजीही नाहीत.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने वाचलेल्या एका म्हातारीला विचारलं, कुणी सावध केलं होतं का. मी शेजारीच उभा होतो.

"हा तिचा भाऊ आला होता," ती म्हणाली. "पण बहीण म्हणाली, पावसाला भ्यायलाय. आम्ही हसलो त्याला."

अधिकाऱ्याने हळहळून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.