जुना माल

प्रीतमच्या मानगुटीवर संशय बसला तो उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, दिनानाथकाकाच्या गॅरेजात. बाप कमळाकर गेला, पण त्याची बुलेट राहिली. बारवी धरणाच्या चढावर आईला मागे बसवलं की गाडी धापा टाकायची. काका म्हणाला, रॉकरचा रेशो बदलू. रॉकर म्हणजे वाल्व दाबणाऱ्या दोन लोखंडी दांड्या. रेशो वाढला की वाल्व जास्त उघडतो आणि इंजिनाला मोकळा श्वास मिळतो. प्रीतमने एकच अट घातली, बाबांच्या इंजिनातला तुकडाही परक्याकडे जाता कामा नये.

तशी आपल्याकडची रीतच आहे. मेकॅनिक काढलेला जुना माल पेपरात गुंडाळून हातात देतो, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाला झोप लागते.

गाडी घ्यायला गेला तेव्हा काकाचं डोकं कुठल्याशा स्कूटरमध्ये. जुना माल मागितला, तर मान वर न करता म्हणाला, "आतच हाय."

काका चहाला गेला तसा हा आतल्या खोलीत शिरला. टायर, डबे, उंदरांच्या लेंड्या. रॉकर कुठंच नाही. झालं! जुन्या बुलेटच्या ओरिजिनल पार्टला काय भाव येतो, ते शेंबडं पोरही सांगेल. बापाचा दोस्त, आमच्या ताटात जेवलेला माणूस, आणि आमच्यावरच हात मारतो? पण तोंडावर विचारायची छाती याला झाली नाही.

गाडी चढावर मस्त पळाली. आई मोतीबाई मागे बसून खूश. पण संशयी माणसाला सुखातही खोट दिसते, त्याला काय करणार? शेवटी त्याने अंबरनाथच्या धर्मराज मेकॅनिककडून इंजिन उघडवलं. धर्मराज म्हणाला, वेल्डिंग मारलेला माल आहे. प्रीतमचं टाळकंच सटकलं. नवे रॉकर बसवून घेतले, काढलेला एक समोरून जाणाऱ्या भंगारवाल्याच्या गाडीत भिरकावला, दुसरा पुराव्याला खिशात घालून थेट कॅम्प पाच गाठलं.

"काका, हा डुप्लिकेट घालून बाबांचे कुठं विकले?"

काकाने तो डिझेलच्या फडक्याने पुसला. काजळीखालून पंचने ठोकलेला 'क' वर आला. कमळाकर आपल्या गाडीच्या पार्टवर असाच 'क' ठोकायचा, हे प्रीतमला लहानपणापासून ठाऊक होतं.

काकाने बोटाने दाखवलं. रॉकरला खालून ढकलणारी सळई, म्हणजे पुशरॉड, जिथे टेकते ती रॉकरवरची जुनी वाटी वेल्डिंगने भरून नवी जरा अलीकडे, आसाजवळ पाडली होती. रेशो तेवढ्यानेच बदलतो.

"तूच बोल्ला ना, तुकडा बाहेर जायला नको? म्हणून तुझ्या बापाचेच परत घातले. सांगितलं तर होतं, आतच हाय." मग त्याने विचारलं, "दुसरा कुठाय?"

प्रीतम म्हणाला, "भंगारात."

काका शिव्या घालेल असं त्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काकाने पेपरचा तुकडा फाडला, रॉकर नीट गुंडाळला आणि प्रीतमच्या हातात ठेवला.

"घे, तुझा जुना माल."