न निजवलेल्या बाहुल्या

मागच्या नवरात्रात आईने लाकडी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या वर्षभर आमच्या हॉलमध्ये उभ्या होत्या. इथे म्हैसुरात विजयादशमीच्या रात्री राजा-राणीची लाकडी जोडी आडवी निजवतात, मगच सगळ्या बाहुल्या पेटीत जातात. आई पाचव्या माळेला गेली. दसरा सुतकात आला, तेव्हा कुणी हात लावायचा प्रश्न नव्हता. सुतक फिटलं तोवर दिवस टळलेला होता, आणि न निजवताच पेटीत कोंबणं आप्पांना पटेना. मी पायऱ्यांवर चादरी टाकल्या. येणारे-जाणारे विचारत, घराला रंग देताय का. आम्ही हो म्हणायचो.

काल वर्षश्राद्ध झालं. त्यासाठी हुणसूरहून आलेली जमुनाआत्या अजून घरातच होती. माझ्या कॉलेजातली सुष्मा आज दुपारी बाहुल्या न्यायला येणार होती. पुण्याहून येऊन ती गोकुलममध्ये स्थायिक झालेली. तिला इथली रीत सुरू करायची होती, मला संपवायची होती. आप्पा "तुला वाटेल ते कर" एवढंच म्हणाले होते.

"सुम्ने, अशीच देऊन टाकतेस?" आत्याने विचारलं. "ती जोडी तुझ्या आईच्या माहेरची. लग्नात आलेली."

"ठेवून काय करू, आत्या? मांडणार कोण?"

"मांडायचं कशाला? ती मांडून गेलीय. अय्यो, चादर तर काढ."

चादरी काढायच्याच होत्या, म्हणून काढल्या. धूळ अपेक्षेपेक्षा कमी होती. खालच्या पायरीवरच्या बागेत आईने पेरलेली नाचणी वाळून काड्या झाली होती. वाण्याच्या बाहुलीपुढच्या दुकानात पालीने अंडी घातली होती. राणी मात्र राजाकडे पाठ करून हत्तीकडे बघत होती. आईला तेव्हा उभं राहवत नव्हतं. ती वेताच्या खुर्चीत बसून सांगायची आणि मी ठेवायचे. "राणीला जरा वळव गं," ती म्हणाली होती, "जन्मभर तेच तोंड बघून कंटाळली असेल." आप्पा तिथेच होते.

आताही होते. "दवाखान्यात नेईपर्यंत रोज संध्याकाळी इथेच बसायची," ते म्हणाले. "गल्लीतल्या पोरी बाहुल्या बघायला येऊन गाणी म्हणायच्या आणि ही सूर चुकला म्हणून पुन्हा म्हणायला लावायची. त्या बिचाऱ्या खाऊसाठी म्हणायच्या."

"तशीच होती ती," आत्या म्हणाली.

मी वर्षभर त्या नवरात्राचा विचार मोडलेलं नवरात्र म्हणूनच केला होता. अर्धं राहून गेलं, बस. अर्धं मिळालं, असं कधी म्हणून पाहिलं नव्हतं. मनात म्हणून पाहिलं. खोटं वाटलं नाही. सोपंही वाटलं नाही.

"आज सहावी माळ ना?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"सहावी. पाचवीपर्यंतच्या तिच्या," आत्या म्हणाली. "पुढच्या राहिल्यात."

तेवढ्यात सुष्मा खोकी घेऊन दारात आली. मी तिला तिथेच सांगितलं की बाहुल्या देत नाहीये, आणि माफी मागितली.

"अगं, मी आईला सांगून बसले! आणि ही खोकी चौथ्या मजल्यावरून उतरवलीत, लिफ्ट बंद असताना."

"पुढच्या वर्षी तू तुझी जोडी घे. दुकान मी दाखवते."

"घे काय?" आत्या मध्येच बोलली. "पहिली जोडी माहेरहून यायची असते. हिचं माहेर पुण्याला, तिथे कुठली मिळायची?"

"मग झालं की माझं," सुष्मा म्हणाली.

"मग आम्हीच माहेर. आय्तल्ला, झालं की नाही?"

सुष्माला कन्नड फारसं कळत नाही. हे तिला कळलं. तिने खोकी कोपऱ्यात ढकलून माझ्याकडे फडकं मागितलं.

मी पुढच्या वर्षीचं काहीतरी ठरवून टाकलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

पायऱ्या पुसून होत आल्या तेव्हा आप्पांनी विचारलं, "संध्याकाळी पोरी आल्या तर द्यायला काय आहे घरात?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "आणायला हवं."

ते उठले आणि चपला शोधू लागले.